पुढं कोण उभं राहणार?

गेल्या पावसाळ्यात निपाणीकडच्या एका खेड्यात अंत्यविधीला गेलो होतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्याची आई वारली होती. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत राबलेली बाई. अंगणात वखारीतल्या बायका, जैन शेतकरी, मुसलमान शेजारी असे सगळे बसलेले. फादर तरुण, बाहेरच्या प्रांतातले, मनानं फार चांगले. पण मराठी अजून जमत नव्हतं. त्यांनी इंग्रजीतून प्रार्थना सुरू केली. मंडळी नुसती बघत बसली. तेवढ्यात सून पुढं झाली. "फादर, मराठीतनं मी वाचू काय?" फादरांनी लगेच होकार दिला. तिनं लाजरसाचा उतारा वाचला. मित्राच्या कबरीपाशी येशू रडला, तिथं आल्यावर शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले.

त्या दिवशी सुवार्ता कुणी सांगितली म्हणायची?

आपल्याकडं पुढारपण म्हटलं की बिशप, फादर, फार तर सणाच्या कमिटीचा खजिनदार. खरं तर पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाची सेवा ही प्रापंचिकांची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली. आपल्या किती देवळांत हे वाचून दाखवलं? धर्मशिक्षण अजून रविवारी मिस्सानंतर अर्धा तास, तेही बहुधा इंग्रजीत. नातू प्रार्थना इंग्रजीत म्हणतो, आजीची जपमाळ मराठीत. दोघं एका घरात राहून एकत्र प्रार्थना करत नाहीत.

भाषेचा हा पेच नवा नाही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली गोवा आणि पुणे या दोन्हींतून निघाला, म्हणजे राज्यं वेगळी होण्याच्या तीन वर्षं आधी. कोकणी, मराठी, कन्नड, तमिळ, सगळे एकाच बाकावर. सीमावादात मी पडत नाही, कन्नड शिकलीच पाहिजे. पण फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणाची सवय होती, म्हणून पुराण दिलं. रेव्हरंड टिळक तर प्रोटेस्टंट, पण त्यांच्याकडून शिकायला हरकत कसली? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती.

आज मात्र आपण दार लोटून बसतो. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून घरगुती प्रार्थनेला शेजाऱ्याला बोलवायलाही काही जण बिचकतात. भीती खोटी नाही. पण मयताला शेजारी न बोलावता येतातच की! त्यांना समजेल असं बोलायला कुठला कायदा आड येतो?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावातून दोघांना, त्यात एक तरी बाई, वर्षभर महिन्यातून एक दिवस बेळगावला बोलवून मराठीत व कन्नडमध्ये तयार करावं. पुरुषांचं भाडं धर्मग्रामानं द्यावं. बायकांना शक्ती योजनेत बस फुकटच आहे.

परवा त्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "सर, माझी सातवीच झालीया. चालंल काय?" मी चालेल म्हणालो. समितीपुढं तिचं नाव दिलं आहे. बैठक पुढच्या रविवारी.