उद्यानाची सहल आणि जेवणाचा खर्च : काही रूढ गैरसमज

उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडणगड तालुक्यातील एखादे कुटुंब मुलांच्या हट्टास्तव खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन-उद्यानाला जावयाचे ठरविते, तेव्हा प्रवेशाच्या तिकिटांचा आणि गाडीभाड्याचा हिशेब आठवडाभर आधी कागदावर मांडला जातो. जेवणाखाणाचा खर्च मात्र ‘तेथे गेल्यावर पाहू’ या सदरात लोटला जातो, आणि घरी परतल्यावर जमाखर्च तपासला म्हणजे नेमकी हीच बाब अंदाजाबाहेर गेल्याचे आढळते. महागाई हे याचे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण म्हणजे या विषयासंबंधी आपल्यात रूढ झालेल्या समजुती, ज्यांपैकी काही कायद्याच्या अर्धवट माहितीतून, तर काही काटकसरीच्या चुकीच्या कल्पनेतून उत्पन्न झाल्या आहेत.

पहिली समजूत अशी की, घरचे अन्न आत नेण्यास मनाई करणे हेच मुळी बेकायदा आहे आणि दारावर जरा आवाज चढविला म्हणजे रखवालदार डबा आत सोडतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. चित्रपटगृहांसंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असा निर्वाळा दिला की, चित्रपटगृह ही मालकाची खाजगी मिळकत असल्यामुळे बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू न देण्याची अट घालण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र प्रेक्षकांना पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी बेताचे अन्न बरोबर आणल्यास त्याला हरकत घेता कामा नये. हा निकाल चित्रपटगृहांपुरता असला, तरी खाजगी मिळकतीच्या मालकाने प्रवेशाच्या अटी ठरवाव्या हे त्यामागील तत्त्व मनोरंजन-उद्यानांनाही लागू पडण्यासारखे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून आपण ऐकतो की, तिकडे डिस्नेलँडमध्ये घरून नेलेले खाणे आत बसून खाण्यास मुभा आहे. ते खरेच आहे, पण ती त्या संस्थेने आपखुशीने दिलेली सवलत आहे, तिचा दाखला देऊन येथे कोणी हक्क सांगू शकत नाही. तेव्हा नातवंडांसाठी पहाटे उठून पुऱ्या लाटणाऱ्या आजीचा डबा तपासणीच्या मेजावर बाजूला ठेवला जातो आणि तिचा चेहरा उतरतो, हा प्रसंग टाळावयाचा असेल, तर नियम निघण्यापूर्वी वाचावा, बाळाचे खाणे आणि आजारी माणसाची औषधे यांविषयी आधी विचारून ठेवावे, आणि उरलेल्या शिदोरीची योजना दाराबाहेरच्या वेळेसाठी करावी.

दुसरी समजूत छापील किमतीची. बाटलीबंद पाण्यावर जी कमाल किंमत छापलेली असते, तिच्यावर एक पैसाही कोणी कोठेही घेऊ शकत नाही, असे पुष्कळांस ठामपणे वाटते. उलट, उद्यानात शिरल्यावर कोणताही कायदा चालत नाही, असेही तितक्याच ठामपणे सांगणारे भेटतात. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे किरकोळ विक्रेत्याने छापील किमतीहून अधिक रक्कम घेणे हा अपराध आहे, आणि जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूवर निरनिराळ्या ठिकाणांसाठी निरनिराळी किंमत छापण्यासही प्रतिबंध आहे. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, उपाहारगृहात आपण टेबलाशी बसून पाणी मागवितो, तेव्हा ती केवळ वस्तूची विक्री नसून जागा, भांडी आणि वाढप यांसह मिळणारी सेवा असते. म्हणून तेथे छापील किमतीचे बंधन नाही. याचा व्यवहारातील अर्थ इतकाच की, खिडकीवरून हातात घेतलेली बाटली आणि टेबलावर आणून दिलेली बाटली यांत कायदा भेद करतो, आणि बाटली घेण्यापूर्वी आपण कोठे उभे आहोत हे ग्राहकाने पाहिले पाहिजे. याहून सोपा उपाय म्हणजे घरून रिकामी बाटली न्यावी आणि आतील पिण्याच्या पाण्याच्या नळावर ती पुनःपुन्हा भरावी.

देयकात आपोआप मिळविलेले सेवाशुल्क द्यावेच लागते, हाही असाच एक भ्रम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सेवाशुल्क परस्पर आकारण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम केली. सेवाशुल्क म्हणजे कर नव्हे. ते देणे न देणे ग्राहकाच्या संतोषावर अवलंबून आहे. कर मात्र द्यावाच लागतो.

आता शिदोरीकडे वळू, कारण खरी बचत येथे आहे आणि खरा धोकाही येथेच आहे. घरचे अन्न म्हणजे निर्धोक अन्न, ही समजूत मे महिन्याच्या कोकणात फार महागात पडते. पहाटे शिजवून घट्ट झाकलेला भात गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत राहिला, तर त्यात जे जिवाणू वाढतात त्यांचे बीजाणू शिजविण्याच्या उष्णतेने मरत नाहीत, आणि त्यांतील काहींनी निर्माण केलेले विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान अशा वाढीला अनुकूल असते. शिजविलेले ओले अन्न त्या तापमानात दोन तासांहून अधिक, आणि कडक उन्हाळ्यात तासाभराहून अधिक ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान किती चढते, हे सांगावयास नको. म्हणून दहीभात, ओल्या नारळाची चटणी, घावन आणि रसभाजी या पदार्थांना प्रवासात स्थान नाही. ज्या पदार्थांत पाण्याचा अंश अल्प, ते टिकतात, आणि आपल्या जुन्या गृहिणींना हे शास्त्र अनुभवाने अवगत होते: तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, सुक्या खोबऱ्याची लसूणचटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, गूळपापडी, आंबापोळी, फणसपोळी आणि मूठभर काजूगर. यांतही एक काळजी अवश्य घ्यावी. पुऱ्या कढईतून काढल्या की लगेच डब्यात न भरता कागदावर एकेरी पसरून पूर्ण निवू द्याव्या. ऊन पुऱ्यांची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूस थेंबांनी जमते, ते थेंब खाली ठिबकतात आणि वरचा थर दुपारपर्यंत चिकट होऊन आंबूस वास येऊ लागतो.

ही शिदोरी कोठे खावी? मंडणगडहून निघालेली गाडी म्हाप्रळला सावित्री ओलांडून आंबेत, गोरेगाव, माणगाव, कोलाड असे करीत वाकण फाट्यावरून पालीकडे वळते, आणि पाली-खोपोली रस्त्यावरच ते उद्यान आहे. एप्रिल २०१३ मध्ये ते सुरू झाल्यापासून आपल्या बाजूच्या लोकांना पूर्वीप्रमाणे गोराईच्या एस्सेल वर्ल्ड या उद्यानापर्यंत मुंबई ओलांडून जाण्याचे कारण उरले नाही. पहाटे निघाल्यास उद्यानाचे दार उघडण्याच्या आधी पालीला पोहोचून बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे आणि तेथे या शिदोरीची पोटभर न्याहारी उरकावी. एसटीने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, महामंडळाच्या अधिकृत थांब्यांवर प्रवाशांना तीस रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आहे. तिकीट दाखवून ती मागण्यात संकोच मानू नये. महामार्गावरचे खाणे सरसकट स्वस्त असते, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे: दरपत्रक पाहिल्याशिवाय सहा जणांनी बसून मागविलेली न्याहारी उद्यानातल्या दुपारच्या जेवणाच्या बरोबरीला सहज जाते.

सर्वांत अनिष्ट समजूत म्हणजे आत काहीच न खाणे ही बचत होय. दिवसभर उन्हात चालणारी मुले आणि वृद्ध उपाशी राहिले, की चारच्या सुमारास डोकेदुखी, चिडचिड आणि मळमळ सुरू होते, आणि मग जे समोर दिसेल ते, मिळेल त्या दराने घेतले जाते. रिकाम्या पोटी पाळण्यांचा त्रास होत नाही, हेही खरे नाही. तुडुंब पोट जितके वाईट, तितकेच रिकामे. जेवणासाठी सर्वांना बाहेर गाडीपाशी नेऊन परत आणण्यातही मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण पुन्हा प्रवेश मिळेल की नाही हे आधी विचारावे लागते आणि मिळाला तरी ज्या तासांसाठी आपण तिकीट काढले, त्यांतलाच एक तास खर्ची पडतो. माझ्या मते आत एकच जेवण घ्यावे, तेही साडेअकराच्या सुमारास किंवा तीननंतर, म्हणजे रांगेत वेळ जात नाही. आणि माणशी एक थाळी न मागविता वाटून खाता येतील असे पदार्थ घ्यावे. तिकिटाबरोबर जेवणाचे कूपन घेतले की फायदाच, असेही नाही. समजा सहा जणांत दोघे वृद्ध अल्पाहारी आणि दोन मुले लहान आहेत. तर सहा कूपनांचे पैसे देऊन प्रत्यक्षात चौघांचेच अन्न खाल्ले जाते. मोठ्या माणसांपुरती कूपने घेऊन बाकीच्यांची तजवीज सुटी करावी.

जेथे काही विकत घ्याल तेथे पावती मागून घ्या आणि ती घरी येईपर्यंत जपून ठेवा. छापील किमतीहून जादा घेतलेली रक्कम किंवा परस्पर लावलेले सेवाशुल्क यांविरुद्ध दाद मागण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पावती हाती असली म्हणजे तक्रारीला आधार राहतो.