शेवट ठाऊक असलेली गोष्ट

महाडहून रायगडाकडे निघालं की गडाच्या पायथ्याशी पाचाड लागतं. ६ जून १६७४ ला वर गडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि अवघ्या ११ दिवसांनी, १७ जूनला, खाली पाचाडात त्यांच्या आईनं, जिजाऊंनी, डोळे मिटले. जिजाऊंची समाधी इथेच आहे. आता नवल बघा! सोनी मराठीवर २०१९ मध्ये 'स्वराज्यजननी जिजामाता' सुरू झाली, तेव्हा तिचा शेवट पाचाडात दगडी बांधकामात उभाच होता. जो शेवट शाळकरी पोरांनाही पाठ, त्याची गोष्ट माणसं रोज रात्री का बघतात?

त्यासाठी आधी टीव्हीचा हिशेब बघू. रोजची मालिका 'पुढे काय?' या प्रश्नावर जगते. भाग ऐन वळणावर थांबतो, उद्या प्रेक्षक परत येतो आणि त्याच्या मागोमाग जाहिराती येतात. पण उत्तर कळलं की जुन्या भागाची ओढ सरते. शिवाय मधलाच भाग लावला, तर कोण कुणाची सून तेही उमगत नाही!

याउलट 'सी.आय.डी.' घ्या. १९९८ ते २०१८, दीड हजारांहून जास्त भाग. डब्यातल्या लाडवांसारखे, कुठलाही उचला, चव पुरी. खून, तपास, उलगडा, बहुतेकदा एकाच भागात. दुपारी लावा, मध्यरात्री लावा, काही अडत नाही. चित्रीकरणाचा खर्च कधीच होऊन गेलेला, जाहिराती मात्र ताज्या. अमेरिकेत तर अशा पुनःप्रसारणासाठी १०० भागांचा टप्पाच मोलाचा ठरला. का? आठवड्याला ५ दाखवले, तर २० आठवडे एकही भाग पुन्हा येत नाही. तिथवर पोचण्यासाठी निर्माते सुरुवातीचा तोटाही सोसत.

मग सलग कथेला दुसरी खेप नाहीच? थांबा. २८ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, दूरदर्शननं १९८७ मध्ये सुरू झालेलं 'रामायण' पुन्हा लावलं आणि घराघरांत लोक टीव्हीसमोर बसले. शिवधनुष्य कोण उचलणार, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

इथेच तर उकल आहे! अशा कथेत आपण 'काय झालं' यापेक्षा 'कसं झालं' ते बघायला बसतो. महाराज आग्र्याहून सुटणार हे माहीत असतं, तरी पहारा दिसला की जीव टांगणीला लागतोच. 'काय'चं उत्तर एकदाच मिळतं. 'कसं' मात्र दर खेपेला नवं दिसतं. लहानपणी शिवबाची तलवार बघणारी मुलगी स्वतः आई झाली, की तिची नजर जिजाऊंच्या चेहऱ्यावर थांबते.

नुसत्या धक्क्यांवर चाललेली मालिका पहिल्याच फेरीत सगळं कमावून बसते. माणसं जीव ओतून उभी केली असतील, तर तीच मालिका तीस वर्षांनी, नव्या पिढीपुढे, नव्या जाहिराती घेऊन पुन्हा कमावते. शेवट ठाऊक असूनही, केवढी ही कमाल!