ट्रॅक्टरच्या तेलांत खरी काटकसर कोणती ?

गाड्याच्या आंसास वंगण घालण्याची आठवण शेतकरी बंधूंस कोणी करून द्यावी लागत नसे. आंस करकरूं लागला कीं ती आपोआप होई. ट्रॅक्टरचें इंजिन मात्र असें वेळेवर करकरत नाहीं. त्याचा आवाज बदलतो तेव्हां झीज होऊन चुकलेली असते. याकरितां इंजिनच्या तेलांत खर्च कोठें वांचवावा व कोठें वांचवूं नये, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनांतील तेल चार कामें करतें : धातूचे भाग एकमेकांवर घासूं न देणें, आंतील उष्णता वाहून नेणें, जळणाची काजळी आपल्यांत धरून ठेवणें व गंज रोखणें. डिझेल इंजिनांत नवें तेल थोड्याच तासांत काळें पडतें, म्हणून तें बिघडलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु काळेपणाचा अर्थ, तेल काजळी धरून ठेवण्याचें आपलें काम करीत आहे, इतकाच होय. तेल बदलण्याची वेळ रंगावरून नव्हे, तर अवर मीटरवरून ठरवावी. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांस ही मुदत 250 तासांची असते व नव्या यंत्राचा पहिला बदल बहुधा 50 तासांनीं करावयाचा असतो. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेंतील आकडाच प्रमाण मानावा.

आतां हिशेब पाहूं. चेंबरांत 7 लिटर तेल राहतें, लिटरास 300 रुपये पडतात व वर्षांत 500 तास काम होतें, असें धरूं. 250 तासांच्या मुदतीनें वर्षाला 14 लिटर, म्हणजे 4,200 रुपयांचें तेल लागेल. रंगास भिऊन दर 125 तासांनीं बदलणाऱ्याचे 8,400 रुपये जातील. त्यांतील निम्मे व्यर्थ होत. उलट 500 तास ओढणारा 2,100 रुपये वांचवील खरा. परंतु काजळीनें जड झालेलें व सत्त्व गेलेलें तेल बेअरिंग, रिंग व लायनर खाऊं लागतें. इंजिन खोलावें लागल्यास वांचविलेल्या रकमेच्या कित्येक पट खर्च येतो, आणि तें पेरणीच्या दिवसांत बंद पडलें तर निघून गेलेला वापसा कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

तेलापेक्षांही मोठा शत्रू धूळ होय. आमच्या पाहण्यांतील एका गृहस्थांनीं तेल नेहमीं वेळेवर बदललें. पण एअर क्लीनरच्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल होता, तिकडे त्यांचें लक्ष गेलें नाहीं. एका हंगामांतच इंजिन निळा धूर ओकूं लागलें व तेल पिऊं लागलें. तेलाचा एअर क्लीनर असल्यास वाटींतील गाळ काढून खुणेपर्यंतच तेल भरावें. कोरड्या फिल्टरास हवा मारावयाची तर ती मंद दाबानें व आंतून बाहेर मारावी.

रोज सकाळीं, सपाट जागीं, इंजिन चालू करण्यापूर्वीं पट्टी पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. जास्त भरल्यास क्रँक तें घुसळून फेस आणतो. तेल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे, आणि पातळी चढून डिझेलचा वास आल्यास जळण मिसळत आहे, असें समजावें. अशा वेळीं इंजिन चालवूं नये, मिस्त्रीस बोलवावें.

हमीची मुदत संपल्यावर तेल घरींही बदलतां येतें व मजुरी वांचते. इंजिन कोमट असतां तेल सोडावें, म्हणजे गाळही निघून येतो. फिल्टर त्याच वेळीं नवा घालावा, त्याच्या रबरी कडीस तेलाचें बोट लावावें व तो हातानेंच आवळावा. नंतर इंजिन थोडें चालवून गळती पाहावी, व बंद करून कांहीं मिनिटांनीं पुनः पातळी तपासावी. तारीख व तास वहींत लिहून ठेवावे. पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचें, जसें 15डब्ल्यू-40, तेल मोहोरबंद डब्यांतूनच घ्यावें. सुटें स्वस्त तेल हें पुष्कळदां जुनेंच गाळलेलें असतें.

काढलेलें तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतूं नये, जनावरांच्या अंगास लावूं नये. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांत तें घातक कचऱ्यांत गणलें आहे. डब्यांत सांठवून तें परवानाधारक घेणाऱ्याकडे द्यावें.

सारांश, मुदतीपूर्वीं तेल टाकणें ही उधळपट्टी, व मुदतीनंतर तें ठेवणें ही त्याहून मोठी उधळपट्टी होय. वही, पट्टी व एअर क्लीनर या तिहींकडे रोज पांच मिनिटें लक्ष देणाऱ्याचें इंजिन त्यास ऐन हंगामांत दगा देण्याचा संभव फार थोडा, असें आमचें सांगणें आहे.