सवड मिळाल्यावर

आंबिवली स्थानकावरून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्या, खरे तर उभ्या असलेल्या, मंडळींत लिहू इच्छिणारे किती असतील याची गणती कोणी केलेली नाही. परंतु ते थोडे नसावेत. कोणा शिक्षकाच्या कपाटात नाटकाचा पहिलाच अंक पडून असतो, कोणा कारकुनाने गावाकडच्या आठवणींसाठी आणलेली वही कोरीच राहिलेली असते. विचारले तर उत्तर ठरलेले : सवड मिळाली की लिहावयाचे आहे. हे उत्तर अगदीच खोटे नव्हे. मुंबई सुमारे साठ किलोमीटर दूर, आणि कसाऱ्याच्या मार्गावरील गाड्या कल्याणच्या मानाने विरळ. पहाटे उठून डबे भरणाऱ्या व कचेरीतून परतल्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागणाऱ्या स्त्रीला चालढकलीचा दोष देणे हा तर शुद्ध निर्दयपणा होय.

परंतु पुढे सेवानिवृत्ती येते, मुले मार्गी लागतात, दुपारी मोकळ्या होतात, आणि वही तरीही उघडत नाही. म्हणजे अडसर केवळ वेळेचा नव्हता.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे बऱ्याच उशिरा लक्ष दिले. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९९१ साली चालढकलीवर एक निबंध लिहिला, त्याचा आरंभ भारतातील एका अनुभवाने होतो. त्यांचे स्नेही जोसेफ स्टिग्लिट्झ यांची कपड्यांची पेटी त्यांना येथून अमेरिकेस पाठवावयाची होती. टपालाच्या खटाटोपात एक दिवस मोडेल म्हणून ते काम त्यांनी रोज उद्यावर ढकलले, आणि असे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले. शेवटी परत निघालेल्या एका मित्राच्या मोठ्या सामानाबरोबर ती पेटी रवाना झाली. (या दोघांनाही पुढे २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा चालढकल हा मंदबुद्धीचा रोग आहे, असे कोणी समजू नये.) त्यांचे विवेचन सोपे आहे. आजचा त्रास डोळ्यांसमोर असल्यामुळे तो असतो त्याहून मोठा भासतो, एका दिवसाच्या दिरंगाईचा तोटा मात्र नगण्य वाटतो. रोजचा हिशेब रोजच्यापुरता बरोबर ठरतो. वर्षाची बेरीज केली म्हणजे चूक दिसते.

लेखनाच्या बाबतीत या त्रासात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे भीती. न पाठविलेली पेटी कोणाची अब्रू घेत नाही. लिहिलेले पान मात्र लिहिणाऱ्याची कुवत उघडी करते. न लिहिलेली कादंबरी कधीच सुमार नसते. तिचा मालक मनाशी थोर साहित्यिक राहू शकतो. चालढकल ही अशा रीतीने एक प्रकारची ठेव ठरते. तिच्यावर व्याज मिळत नाही, पण मुद्दल बुडाल्याचेही कधी कळत नाही. आळशी माणसाला निदान स्वस्थ झोप लागते. या माणसाला तीही लागत नाही.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मोलाचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे काही प्राथमिक शिक्षण कल्याणात झाले, एवढा या परिसराशी त्या घराण्याचा संबंध. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, औपचारिक शालेय शिक्षण न मिळालेल्या. आणि पती कोण, तर महाराष्ट्रमान्य कवी. भीती वाटावी अशी याहून योग्य परिस्थिती कल्पिता येणार नाही. तरीही त्यांनी त्या काव्यास चौसष्ट अध्यायांची भर घातली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, हा मुलाचा आग्रह त्यामागे होता. थोर ग्रंथ लिहावयास त्या बसल्या नव्हत्या, घरातल्या माणसाला हवी असलेली हकीकत सांगावयास बसल्या होत्या. ग्रंथाचा दबाव नाहीसा झाला म्हणजे वाक्य कसे मोकळे होते, हे त्या पुस्तकाच्या कोणत्याही पानावर पाहावे.

दुसरा मार्ग मुदतीचा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यातून क्रमशः छापली. अंक काढावयाचा म्हणजे प्रकरण द्यावयाचेच; तेथे धीर गोळा करीत बसण्यास उसंत नाही. या घाईची किंमतही त्यांनी मोजली, त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तरी सौदा तोट्याचा झाला असे कोणी म्हणणार नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून संपादकाच्या तगाद्याने मराठीत किती कथा लिहून घेतल्या असतील!

आंबिवलीच्या कारकुनाला मात्र तगादा लावणारा संपादक नाही, ही त्याची खरी अडचण. ती दूर करण्यास फारसा खर्च येत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. गावोगावी शाळांचे वर्ग सायंकाळी रिकामे असतात. महिन्याच्या एका ठरलेल्या शनिवारी सात-आठ जणांनी तेथे जमावे, प्रत्येकाने दोन पाने वाचून दाखवावीत, आणि पाने न आणणाऱ्याने त्या दिवशीच्या चहाचे पैसे द्यावेत. पहिले काही महिने चहाचे पैसे पुष्कळ जमतील.