रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

"पीएचडीत नक्की करतेस काय?" असं कोणी विचारलं की मी सांगते, कोणत्या देशाने कोणाला किती शस्त्रं विकली ते मोजते. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "पण ते गुपित असतं ना?" काही असतं, पण बरंचसं सरकारं स्वतःच लिहून देतात. कसं, ते आज बघू.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. इराकला शस्त्रं पुरवणाऱ्यांत सोव्हिएत संघ, चीन आणि फ्रान्स होते. गंमत बघा, पुढे युद्ध पेटलं तेव्हा फ्रान्सला आपली मिराज एफ-१ विमानं सुरुवातीला जमिनीवरच ठेवावी लागली. तशीच विमानं फ्रान्सने इराकला विकलेली होती, त्यामुळे आपल्याच बाजूने चुकून पाडली जाण्याची भीती होती! एका देशात एवढा साठा होतोय हे सगळ्यांना वेळेत दिसावं, म्हणून डिसेंबर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रांची एक नोंदवही सुरू केली.

यात दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रत्येक देशाने मागच्या वर्षीची आयात-निर्यात कळवायची. प्रकार सात: रणगाडे, चिलखती गाड्या, मोठ्या तोफा, लढाऊ विमानं, लढाऊ हेलिकॉप्टर, युद्धनौका आणि क्षेपणास्त्रं. छोट्या शस्त्रांची माहिती देण्याची सोय नंतर आली.

यातली खरी युक्ती म्हणजे दुहेरी नोंद. किराणा दुकानदाराच्या वहीत उधारी असते, तशी आपल्या घरच्या वहीतही असते. दोन्ही जुळल्या तर हिशोब खरा. इथेही विकणारा आणि घेणारा दोघं लिहितात.

पण आकडे अनेकदा जुळत नाहीत, आणि दरवेळी कोणी खोटंच बोलत असतं असं नाही. एकाने माल डिसेंबरमध्ये पाठवला, दुसऱ्याला जानेवारीत मिळाला, की वर्ष बदललं. एकाने गाडी चिलखती धरली, दुसऱ्याने नाही. क्षेपणास्त्रांचं तर विचारूच नका: क्षेपणास्त्र आणि ते सोडणारा लाँचर मिळून एकच आकडा दिला तरी चालतो. त्यातून काय कळणार?

मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. ही नोंद ऐच्छिक आहे. २००० च्या आसपास शंभराहून जास्त देश अहवाल द्यायचे, नंतर ही संख्या खूप घसरली. "आम्ही काहीच घेतलं नाही" असा शून्य अहवाल देता येतो, पण अनेक देश तोही देत नाहीत. मग माझ्या एक्सेलमध्ये रकाना रिकामा राहतो. तिथे मी शून्य भरलं, तर जो देश काहीच सांगत नाही तोच सर्वांत शांतताप्रिय दिसेल!

२०१४ च्या अखेरीस लागू झालेल्या शस्त्रव्यापार कराराने सदस्यांना वार्षिक अहवाल बंधनकारक केला. पण तो लोकांपासून लपवून ठेवायची मुभाही आहे, आणि ती वापरणाऱ्यांचं प्रमाण वाढलंय. म्हणजे अहवाल दिला, पण तुम्हाआम्हाला दिसत नाही.

आपलं काय? भारत शस्त्रं आयात करणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक आहे. २०१३ मध्ये या करारावरच्या मतदानात आपण तटस्थ राहिलो. आयातदार आणि निर्यातदार यांच्या जबाबदाऱ्यांत समतोल नाही, हा आपला आक्षेप होता, आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. पण दुहेरी नोंदीमुळे आपण काय घेतलं हे विकणाऱ्याच्या वहीतही सापडू शकतं. दुसऱ्याच्या वहीत आपला हिशोब शोधण्यापेक्षा तो आपल्याच वहीत नीट असलेला बरा, नाही का?

तेव्हा पुढच्या वेळी "अमुक देशाने एवढी शस्त्रं विकली" अशी बातमी वाचलीत, की आधी विचारा: हा आकडा कोणाच्या वहीतला, आणि कोणाची वही कोरी आहे?