यंत्र स्वस्त, पट्टी महाग

मधुमेहाचं नवं तंत्रज्ञान म्हटलं की दंडावरचा सेन्सर आठवतो. तो साधारण दोन आठवडे चालतो आणि काही हजारांना पडतो. मुंबईत मानखुर्दच्या रोजंदारीवरच्या घराला तो झेपणारा नाही. महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पाहणीत मुंबईतल्या १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त निघाली. इतक्या मोठ्या संख्येसाठी उपयोगी पडेल तो साधा ग्लुकोमीटर. पट्टीवरचं एन्झाइम रक्तातल्या साखरेशी क्रिया करतं, त्यातून निघणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजतं. यंत्र एकदाच घ्यायचं. खर्च असतो तो दर वेळच्या पट्टीचा. त्यातही पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेनं पट्ट्या बिघडतात.

महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये तपासणी मोफत होते, मग घरी पट्ट्या कशाला, असं कुणी विचारेल. पण तिथला आकडा त्या घटकेचा असतो आणि एचबीएवनसी ही रक्तचाचणी तीन महिन्यांची सरासरी सांगते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर मध्यरात्री घसरली, तर ती घसरण दोन्हींत दिसत नाही. नुसतं मोजून भागत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. आकडा पाहून डोस बदलणारं माणूस हवंच. म्हणून इन्सुलिनसोबतच पट्ट्या आणि सल्ला मोफत मिळावा, सुरुवात इन्सुलिनवाल्यांपासून व्हावी.