‘नेमेसिस’ : सहा फूट पाण्यातली आगबोट

आता आपण ‘नेमेसिस’कडे येऊ. ही लोखंडी आगबोट १८३९ साली लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडला, लेअर्डच्या कारखान्यात तयार झाली. मालक ईस्ट इंडिया कंपनी. १८४० मध्ये निघताना जाहीर केलं होतं की बोट ओडेसाला चालली आहे. गेली मात्र चीनला, अफूच्या युद्धावर. त्या अफूतला मोठा वाटा माळव्यातून मुंबई बंदरामार्गे जायचा, हे आपण विसरू नये.

लांबी १८४ फूट, यंत्र १२० अश्वशक्तीचं, दोन ३२ पौंडी तोफा. हे आकडे विसरलात तरी चालेल. एकच लक्षात ठेवा : बोट पाण्यात बुडायची जेमतेम ६ फूट. मोठ्या युद्धनौकेला याच्या तिप्पट-चौपट खोली लागे.

सपाट बुडाची बोट महासागरात न्यायची म्हणजे जिवावरचाच खेळ. आफ्रिकेला वळसा घालताना वादळात तिच्या दोन्ही कुशींना उभ्या भेगा पडल्या. कप्तान विल्यम हॉल यांनी डेलागोआच्या उपसागरात, म्हणजे आजच्या मापुतोजवळ, त्या कशाबशा सांधून घेतल्या. ती तिथे बुडाली असती, तर लोखंडी जहाजांचा वाद निदान काही वर्षं तरी विरोधकांनी जिंकला असता, असं आम्हाला वाटतं.

पर्ल नदीच्या मुखावरचे चिनी किल्ले खोल पाण्याच्या वाटेवर रोखलेले होते. उथळ पाणी हीच बाकीची तटबंदी! ७ जानेवारी १८४१ रोजी चिनी जंक गलबतं चुएनपीजवळच्या अशाच उथळ खाडीत उभी होती. ‘नेमेसिस’ थेट आत शिरली. तिच्या एका अग्निबाणाने एक अख्खं जंक माणसांसकट उडालं. (हे काँग्रीव्हचे अग्निबाण; त्यांची मूळ प्रेरणा म्हैसूरच्या बाणांची.) मार्चमध्ये तर ती मकावकडून मागच्या अरुंद प्रवाहाने कँटनच्या दिशेने गेली आणि वाटेतली ठाणी मोडत गेली. मोठ्या जहाजांना तो रस्ता बंदच होता.

युद्धानंतर, १८४३ मध्ये, ती मुंबईच्या गोदीत तपासणीला आली. वारंवार तळाला घासून पत्रे ठिकठिकाणी चेपले होते, पण बूड शाबूत होतं.

३१ जुलै १८४९ च्या रात्री बोर्निओत, सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक याच्या मोहिमेत, तिने इबान लोकांच्या होड्या आपल्या चाकांखाली चिरडल्या. मेलेले सगळे चाचेच होते का? जोसेफ ह्यूम यांनी हा प्रश्न ब्रिटिश संसदेत लावून धरला. सिंगापुरात चौकशी आयोग बसला. ब्रुकवर काही शाबीत झालं नाही.